जुन्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवताना

१९२९ चा नाताळ. दोनच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता, आणि इंडियाना राज्यातल्या कोलंबस या लहानशा गावातली एक दहा वर्षांची डिझेल इंजिन कंपनी बंद पडायच्या बेतात होती. कंपनीला ज्याचं नाव होतं तो क्लेसी कमिन्स मुळात तिथल्या आयर्विन या बँकर घराण्याचा मोटारचालक आणि मेकॅनिक. भांडवल त्याच घराण्यातल्या विल्यम आयर्विन यांचं, आणि ते अजून परत आलेलं नव्हतं. क्लेसीने एक वापरलेली पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं, कारखान्यातलं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं आणि नाताळच्या दिवशी आयर्विनना त्या गाडीतून फिरवून आणलं. आयर्विननी कंपनीत पुन्हा पैसे घातले. थोड्याच दिवसांनी क्लेसी तीच गाडी घेऊन न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. सुमारे ८०० मैलांच्या त्या प्रवासात इंधनाला खर्च आला १ डॉलर ३८ सेंट.

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत डिझेल इंजिन घालणं हा आजच्या हौशी मंडळींनी काढलेला उद्योग नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावं. जगातल्या एका मोठ्या इंजिन कंपनीचा जीव याच उद्योगाने वाचवला. अमेरिकेत आज तो मुख्यतः पिकअपवर होतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या फोर्ड, शेवरोले, डॉज पिकअप तिथे अजून लाखमोलाच्या मानल्या जातात. पत्रा जाड, चॅसी सरळसोट, बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. पेट्रोल इंजिन मात्र थकलेलं, आणि नवं असतानाही भरपूर पेट्रोल पिणारं. मग मालकाच्या मनात विचार येतो, हीच गाडी ठेवायची आणि इंजिन तेवढं डिझेलचं घालायचं. अशा वेळी ज्या इंजिनाचं नाव पहिलं निघतं ते कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं ‘बी’ मालिकेतलं इंजिन.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे इंजिन अनोळखी नाही. पुण्यात किर्लोस्करांच्या भागीदारीत कमिन्सची इंजिनं १९६२ पासून बनू लागली. १९९३ साली टाटा आणि कमिन्स यांनी मिळून टाटा कमिन्स ही कंपनी काढली, जमशेदपूरला कारखाना उभारला, आणि तिथून याच ‘बी’ मालिकेची इंजिनं टाटांच्या ट्रकमध्ये जाऊ लागली. पुढे साताऱ्यातल्या फलटणलाही कमिन्सचा मोठा प्रकल्प आला. खंबाटकीच्या चढावर माल भरलेला टाटा ट्रक खालच्या गिअरमध्ये जो ठोके मोजल्यासारखा आवाज करत चढतो, तो आवाज ऐकलेल्या माणसाला हे इंजिन पिकअपमध्ये घालावंसं का वाटतं हे वेगळं सांगावं लागत नाही. तरीही सांगतो, कारण इंजिन बदलण्याच्या पुढच्या सगळ्या भानगडी त्या कारणातूनच निघतात.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रण फार दाबलं तर ते ठिणगीआधीच पेटून ठोके देऊ लागतं, म्हणून जुन्या पेट्रोल इंजिनांत दाबाचं प्रमाण आठास एकच्या आसपासच ठेवलेलं असे. डिझेल इंजिनात दट्ट्या नुसती हवा दाबतो, तीही सतरास एकच्या आसपास. एवढी दाबल्यावर हवेचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेल फवारतो आणि ते आपोआप पेटतं. प्लग नाही, कॉइल नाही, पॉइंट नाहीत. जितका जास्त दाब, तितकं त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. डिझेलची खरी बचत इथून सुरू होते.

दुसरी बचत हवेच्या वाटेत आहे. पेट्रोल इंजिनाचा वेग आवरायचा तर हवेची वाट अडवावी लागते. कार्ब्युरेटरमधली झडप अर्धवट मिटली की दट्ट्याला हवा जोर लावून ओढून घ्यावी लागते आणि त्यात ताकद वाया जाते. डिझेल इंजिनात हवेची वाट कायम मोकळी असते. ॲक्सिलरेटर फक्त डिझेल किती जायचं ते ठरवतो. त्यामुळे अर्ध्या ताकदीवर चालताना, म्हणजे बहुतेक सगळा वेळ, डिझेल इंजिन फार कमी इंधनात काम भागवतं. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, ती वेगळीच.

आता ताकदीचं. १९८९ साली फोर्डच्या पिकअपमध्ये ४.९ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. कष्टाळू म्हणून त्याचा लौकिक होता आणि तो खोटा नव्हता. त्याची ताकद १४५ अश्वशक्ती, टॉर्क २६५ पाउंड-फूट. त्याच वर्षी डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन द्यायला सुरुवात केली. त्याची ताकद १६० अश्वशक्ती, म्हणजे फक्त पंधराने जास्त. पण टॉर्क ४०० पाउंड-फूट, दीडपट, आणि तोही १,७०० फेऱ्यांच्या आसपास. चढावर मागे ट्रेलर लावून निघालेल्या माणसाला अश्वशक्तीचा आकडा उपयोगी पडत नाही, हा टॉर्क उपयोगी पडतो. हे इंजिन २,५०० फेऱ्यांच्या वर जात नाही. डिझेल पंपातला गव्हर्नर त्याला तिथेच थोपवतो. जिथे पेट्रोल इंजिन नुकतं रंगात येऊ लागतं तिथे याचा दिवस संपलेला असतो. हा एक फरक नीट डोक्यात ठेवला, तर इंजिन बदलतानाचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

डिझेलची अमेरिकेतली वाट मात्र सरळ नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथल्या कंपन्यांना डिझेलची आठवण झाली. जनरल मोटर्सने १९७८ साली ओल्डस्मोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल व्ही-८ बाजारात आणलं. मोटारींबरोबर ते हलक्या पिकअपमध्येही आलं. त्याचा ब्लॉक मजबूत होता, पण सिलिंडर हेड धरून ठेवणाऱ्या बोल्टची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच राहिली, आणि डिझेलच्या दाबापुढे ते बोल्ट टिकले नाहीत. त्यातच डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर दिलेला नव्हता. पाणी पंपात गेलं, पंप गंजले, हेड गॅस्केट उडाली. कितीतरी मालकांनी वैतागून त्या गाड्यांत परत ओल्डस्मोबिलचं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं. फाउंडेशन तीच असल्याने ते सोपंही होतं. १९८५ नंतर ते डिझेल बंद झालं. मला ही हकिगत फार मोलाची वाटते. सेपरेटरसारखी एक साधी वस्तू वाचवल्याने काय होतं हे एका बलाढ्य कंपनीने स्वतःच्या खर्चाने दाखवून दिलं, आणि घरच्या शेडमध्ये इंजिन बदलणारा माणूस आजही नेमकी तीच वस्तू विसरतो.

कमिन्सचं ‘बी’ इंजिन वेगळ्या मातीतलं. ते कमिन्सने जे. आय. केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीबरोबर मिळून तयार केलं, शेतीची यंत्रं आणि मध्यम ट्रक डोळ्यांसमोर ठेवून. दट्ट्याचा व्यास १०२ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. टायमिंगला बेल्ट नाही, चेन नाही, सरळ दातेरी चाकं. इंधन थेट दट्ट्याच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारलं जातं, त्यामुळे थंडीतही लवकर सुरू होतं. कडाक्याची थंडी असेल तर आत जाणारी हवा गरम करायला विजेची जाळी असते. १९८९ ते १९९८ पर्यंतच्या पिकअपमधली ही इंजिनं बारा व्हॉल्व्हची आणि पूर्णपणे यांत्रिक. १९९३ पर्यंत त्यांना बॉशचा फिरता व्हीई पंप, १९९४ पासून बॉशचाच रांगेतला पी-७१०० पंप. दुसरा जास्त दणकट आणि वाढीव ताकदीसाठी नावाजलेला, पहिला लहान आणि बसवायला सोपा.

या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनावर लोकांचा एवढा जीव का, याचं उत्तर वायरिंगमध्ये आहे. सुरू झालेलं इंजिन चालू राहायला त्याला फक्त एक वायर लागते, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची. किल्ली फिरवली की सोलेनॉइडला वीज मिळते आणि डिझेलची वाट उघडते, किल्ली बंद केली की वाट मिटते आणि इंजिन थांबतं. आपल्याकडच्या जुन्या डिझेल जीपना इंजिन बंद करायला डॅशबोर्डखाली एक खेचायची तार असायची. काम तेच, फक्त ती तार इथे विजेची. संगणक नाही, सेन्सर नाहीत. १९७८ च्या पिकअपला २००५ चं कॉमन रेल इंजिन जोडायचं तर आधी त्या इंजिनाच्या संगणकाची समजूत काढावी लागते, की गाडी बदलली आहे, चाकांचे सेन्सर नाहीत, किल्लीची चिप नाही. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाला गाडी कुठली आहे याच्याशी काहीही देणंघेणं नसतं.

निर्दोष मात्र ते नाही. टायमिंग गिअरचं हाउसिंग जागेवर बसवण्यासाठी ब्लॉकमध्ये एक लहानशी पोलादी डॉवेल पिन ठोकलेली असते. हजारो तासांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते, आणि कधी गिअरच्या दातांत पडली तर हाउसिंग फुटतं आणि मोठा खर्च समोर उभा राहतो. यावर इलाज म्हणजे पिनेसमोर लोखंडाची एक पट्टी बोल्टने आवळून तिची वाट बंद करायची. वस्तू फार स्वस्त आहे, पण इंजिन गाडीत बसल्यावर तिथे पोचायला पुढची सगळी उस्तवार करावी लागते. म्हणून इंजिन जमिनीवर आहे तोवरच हे काम उरकावं. नंतरच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांपैकी ज्यांच्या ब्लॉकच्या कुशीवर ५३ हा आकडा ओतलेला असतो, त्यांचा ब्लॉक पाण्याच्या वाटेजवळ तडकतो. जुनं इंजिन घेताना कुशीवर टॉर्च मारून तो आकडा बघायला मिनिटभर पुरतं.

याच मालिकेतला चार सिलिंडरचा धाकटा भाऊ ३.९ लिटरचा. अमेरिकेत पाव आणि बेकरीचा माल पोचवणाऱ्या चौकोनी व्हॅनमध्ये तो असे, आणि त्या व्हॅन भंगारात निघाल्या की इंजिनं हौशी लोकांच्या हाती लागत. साडेतीनशे किलोच्या आसपास वजन असल्याने लहान पिकअप आणि जीपसाठी ते सोयीचं वाटतं. पण चार सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात दट्ट्यांची वरखाली होणारी वजनं एकमेकांना पूर्ण काटत नाहीत. प्रत्येक फेरीला दोनदा उभा धक्का बसतो, आणि तो शोषायला या इंजिनात बॅलन्स शाफ्ट नाहीत. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेत ती वजनं गणितानेच काटली जातात. ज्याला रोज गाडी चालवायची आहे त्याने धाकट्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आरसे थरथरतात, पत्र्याचे जोड सुटतात, आणि लांबच्या प्रवासानंतर चालवणाऱ्याचं अंग दुखतं.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांनी हे नीट केलं आहे ते सगळे पहिली गोष्ट एकच सांगतात. इंजिन विकत घेऊ नका, इंजिनासकट अख्खी गाडी विकत घ्या. अपघातात चेपलेली किंवा पत्रा सडलेली डॉज मिळाली, तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, रेडिएटर, इंटरकूलर, फाउंडेशनचे ब्रॅकेट, स्टीअरिंगचा पंप, एसी कॉम्प्रेसरची बैठक, ॲक्सिलरेटरची केबल आणि एकेक नळीही हाताशी येते. सुटं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून खूश झालेला माणूस पुढे वर्षभर या किरकोळ वस्तू गोळा करत राहतो. सून घरी आली की तिच्याबरोबर सगळं माहेर येतं, तसं या इंजिनाचं आहे, आणि माहेर सोडून आलेलं इंजिन गाडीत कधी रुळत नाही.

इंजिनाचं वजन कोरडं असतानाच ५०० किलोच्या घरात. जुनं व्ही-८ पेट्रोल इंजिन आकाराप्रमाणे २६० ते ३३० किलो. म्हणजे पुढच्या धुऱ्यावर दोनेकशे किलोंची भर, आणि तीही अगदी नाकापाशी. अमेरिकेत पिकअप जुन्या रिवाजाप्रमाणे हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन अशा ओळखल्या जातात. हाफ-टन गाडीत हे इंजिन घालू नये. घातलं तर पुढचे पाटे किंवा स्प्रिंग, बेअरिंगं, ब्रेक आणि स्टीअरिंग सगळंच बदलावं लागतं, आणि मग ती गाडी हाफ-टन राहतच नाही. थ्री-क्वार्टर-टनपासून पुढे काम रास्त होतं. लांबीचंही तसंच. फोर्डच्या पिकअपमध्ये मुळातच सहा सिलिंडरचं लांब इंजिन बसत असे, म्हणून तिथे जागा सापडते. व्ही-८ डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या बॉनेटखाली रेडिएटर पुढे सरकवावा लागतो.

गिअरबॉक्स हे खरं नाजूक दुखणं. इंजिन कमिन्सचं आणि गिअरबॉक्स फोर्डचा, तर दोघांमध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते. ती तयार मिळते. बसवताना मात्र बेल हाउसिंगचं मध्य क्रँकशाफ्टच्या मध्याशी डायल गेजने तपासावं लागतं. फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच राहायला हवा. त्याहून जास्त झाला तरी नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही, आणि काही हजार मैलांनंतर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगच्या आवाजातून तो कळतो. दुसरा प्रश्न टॉर्कचा. २६५ पाउंड-फूटवर वर्षानुवर्षं सुखाने राहिलेल्या गिअरबॉक्सला ४०० चे हिसके सोसत नाहीत. डॉजने स्वतः १९९४ पासून वापरलेला एनव्ही-४५०० हा पाच गिअरचा दणकट बॉक्स यासाठी लोकांना आवडतो, पण त्यातही पाचव्या गिअरचा नट कमिन्सच्या थरथरीने ढिला होतो आणि एके दिवशी पाचवा गिअर लागेनासा होतो. तो नट पक्का धरून ठेवण्याचे उपाय आता मिळतात. बॉक्स उघडलाच आहे तर ते करून टाकावेत.

यापुढची गोष्ट बहुतेकांना उशिरा सुचते. डिफरन्शियल. पेट्रोल पिकअपमध्ये मागचं प्रमाण बऱ्याचदा ४.१० असतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या ४.१० फेऱ्या. समजा टायरची उंची ३१ इंच आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ६७५ फेऱ्या मारतं. चौथ्या, थेट गिअरमध्ये इंजिनाला २,७५० च्या वर फिरावं लागेल. पेट्रोल इंजिनाला त्यात कसली अडचण नाही. पण कमिन्सचा गव्हर्नर २,५०० ला थांबवतो. म्हणजे नवं इंजिन, वाढलेली ताकद, आणि गाडी हायवेवर ९० च्या पुढे जाईना. डॉजने म्हणूनच कमिन्सबरोबर ३.५४ सारखी प्रमाणं दिली. ३.५४ आणि ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह असलेला पाचवा गिअर घेतला तर त्याच वेगाला इंजिन १,८०० वर निवांत चालतं, टॉर्कच्या अगदी गाभ्यात. म्हणून इंजिनावर पैसे खर्च करण्याआधी कागदावर हा गुणाकार करावा. टायरची उंची, डिफरन्शियलचं प्रमाण, वरच्या गिअरचं प्रमाण, एवढे तीनच आकडे लागतात.

आणि ब्रेक. ही बाब सुरक्षेची आहे. पेट्रोल गाडीचा पॉवर ब्रेक इंजिनाच्या इनटेकमधल्या निर्वात ओढीवर चालतो. ही ओढ निर्माण होते कार्ब्युरेटरच्या झडपेमुळे. डिझेलमध्ये ती झडपच नाही, म्हणजे ओढ नाही, म्हणजे बूस्टर मेलेला. पाचशे किलोंचं इंजिन पुढे, आणि ब्रेक नुसत्या पायाच्या जोरावर! यावर दोन मार्ग आहेत. डॉजच्या इंजिनावर दातेरी चाकावर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो, तो इंजिनाबरोबर घ्यायचा. किंवा स्टीअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर बसवायचा. जड गाडीला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा. गाडी शेडच्या दारातून बाहेर काढण्याआधी हे काम पूर्ण झालेलं हवं. फेरी मारून बघू, ब्रेकचं नंतर पाहू, असं इथे चालत नाही.

इंधनाची टाकी तर पूर्ण उतरवून साफ करावी लागते. जुन्या टाकीच्या तळाला पेट्रोलचा चिकट थर आणि गंज बसलेला असतो. डिझेल तो खरवडून पंपाकडे नेतं. शिवाय डिझेल हेच पंपाचं वंगण आहे, त्यात पेट्रोल मिसळलं तर पंपाचे भाग कोरडे घासतात. पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत जातं, त्यासाठी परतीची नळी टाकावी लागते. आणि पाण्याचा सेपरेटर. ओल्डस्मोबिलची हकिगत सांगितलीच आहे. बाकी किरकोळ: टॅकोमीटर कॉइलवर चालत असे, आता तो आल्टरनेटरवरून चालवावा लागतो, सेल्फला जास्त करंट लागतो म्हणून बॅटऱ्या दोन, आणि टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमान दाखवणारा पायरोमीटर. शेवटची वस्तू मी ऐच्छिक मानत नाही. चढावर ओझं ओढताना एक्झॉस्ट ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे बराच वेळ राहिलं तर ॲल्युमिनियमचे दट्टे वितळायला लागतात, आणि डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या काट्यावर त्याचा पत्ताही लागत नाही.

पैशाचा हिशेब सरळ मांडतो. समजा पेट्रोल पिकअप गॅलनला १० मैल देते आणि डिझेल झाल्यावर १८ देईल. वर्षाला १०,००० मैल चालली तर पेट्रोल लागतं १,००० गॅलन, डिझेल साधारण ५५५. पेट्रोल साडेतीन डॉलर आणि डिझेल चार डॉलर गॅलन धरलं तर वर्षाला वाचतात पावणेतेराशे डॉलरच्या आसपास. इंजिनासाठी घेतलेली अख्खी गाडी, ॲडॅप्टर, क्लच, ब्रेक, स्प्रिंग, एक्झॉस्ट मिळून १२,००० डॉलर गेले असं धरा. स्वतःच्या मेहनतीचा एक पैसाही न लावता वसुलीला नऊ वर्षांच्या वर लागतात. इंधन वाचवण्यासाठी म्हणून हे करू नये, हे या हिशेबातून स्वच्छ दिसतं. ज्याला रोज जड ट्रेलर ओढायचा आहे, ज्याची गाडी गंजमुक्त आहे आणि ती पुढची वीस वर्षं ठेवायची आहे, ज्याला कामाचीच आवड आहे, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा होतो.

धुराचा प्रश्न हौशी मंडळींना आवडत नाही, पण तो टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात घातला. १९९० च्या काळातल्या यांत्रिक इंजिनाला कणांचा फिल्टर नाही, नायट्रोजन ऑक्साइड आवरणारी यंत्रणा नाही. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं की ताकद वाढते आणि काळा धूरही. त्या धुराचा कौतुकाने फवारा मारणारी माणसं या छंदाचं नाव खराब करतात, असं मला मनापासून वाटतं. नीट ट्यून केलेलं बारा व्हॉल्व्हचं इंजिन गरम झाल्यावर जवळपास धूर सोडत नाही, आणि तसंच ते ठेवावं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा इंजिन बदलण्याबाबतचा नियमही कडक आहे. बसवलेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ते ज्या मंजूर गाडीतून आलं तिची प्रदूषण आवरणारी सगळी यंत्रणा त्याच्याबरोबर यायला हवी. म्हणून १९७९ च्या फोर्डमध्ये १९९४ चं इंजिन बसू शकतं, उलट नाही. कॅलिफोर्निया त्याहूनही कडक. कमिन्सने २०१७ पासून २.८ लिटरचं, १६१ अश्वशक्तीचं, सव्वादोनशे किलोंच्या आसपास वजनाचं एक नवं तयार इंजिन पेटीबंद विकायला काढलं, ते १९९९ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी प्रदूषण नियमांत बसणारं होतं. लहान पिकअपला तो प्रामाणिक मार्ग होता. कंपन्याही या बाबतीत धुतल्या तांदळासारख्या नाहीत. रॅम (पूर्वीच्या डॉज) पिकअपच्या सुमारे ९ लाख ६० हजार इंजिनांत प्रदूषण चाचणी चुकवणारी किंवा न कळवलेली सॉफ्टवेअर यंत्रणा असल्याच्या आरोपावरून कमिन्सने १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचं डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलं. अमेरिकेच्या हवा शुद्धता कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड आहे.

आपल्याकडे इंजिन बदलण्याची परंपरा जीपची. विलीस जीपचं पेट्रोल इंजिन डिझेलने बदलण्याचं काम गावोगावच्या गॅरेजांनी केलं, आणि महिंद्राने स्वतःच आधी ट्रॅक्टरचं आणि मग १९८० च्या दशकात प्यूजोचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून ते कारखान्यात नेलं. आज मात्र ती मोकळीक राहिलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. दुसऱ्या इंधनावर चालण्यासाठी इंजिनात बदल करायला कायदा काही अटींवर वाट देतो, पण आधी आरटीओची मंजुरी आणि मग पाना हातात, हाच क्रम. मंजुरीशिवाय बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला मोकळी असते.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि अंगणात एखादी जुनी फोर्ड किंवा डॉज उभी असणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाच्या मनात हे काम असेल, तर इंजिनाच्या शोधाला लागण्याआधी एक शनिवार गाडीखाली घालवा. हातोडीने चॅसीचे सांधे ठोकून बघा, पाट्यांच्या बैठका, पुढच्या क्रॉस मेंबरची कड, केबिनच्या माउंटिंगच्या जागा तपासा. लोखंड खणखणीत वाजलं तर पुढे जा. जिथे हातोडी आत रुतली, तिथे कुठलंही डिझेल इंजिन बसवू नका.